त्या निवेदनावर मी सही केलेली नाही

आज सकाळी आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्यातल्या पाषाण तलावाविषयीच्या निवेदनाचा मसुदा आला आणि दुपारपर्यंत त्याखाली नावांची रांग लागली. काठावर रोषणाई करावी, सेल्फी पॉइंट उभारावा, बोटिंग सुरू करावे आणि जलपर्णी 'तातडीने व कायमस्वरूपी' काढावी, अशा त्यात मागण्या आहेत. मी सही केलेली नाही. दोघा-तिघांनी खासगीत कारण विचारले, म्हणून ते इथेच सविस्तर लिहितो.

जलपर्णी कायमची काढायची म्हणजे नेमके काय करायचे? मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसली जाते आणि मनाजोगते पाणी मिळाले की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. यंत्र लावून ती उपसली, तरी तिचे खाद्य पाण्यातच राहते आणि वरून त्यात रोज भरही पडत असते. ही भर येते रामनदीतून. मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावणारी ही छोटी नदी भुकूम, भूगाव आणि बावधन करत आपल्या तलावात येते, म्हणजे तलावाचे पाणी कसे असावे याचा निर्णय बराचसा वरच्या अंगालाच होऊन जातो आणि आपण मात्र काठावर दिवे लावायला निघालो आहोत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! (सोमेश्वराचे देऊळही याच नदीच्या काठी आहे, त्यामुळे ही म्हण जरा जास्तच झोंबते.)

गेल्या उन्हाळ्यात मी आणि शेजारचे काका नदीच्या कडेकडेने वर चालत गेलो होतो. बावधनच्या पुढे एका लहान पुलाजवळ मैला उपसणारा टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप झुडपांतून खाली पात्रात सोडलेला होता, पाइपाच्या तोंडाशी करडा फेस साचला होता आणि ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर बसून चहा पीत होता. आम्ही हटकले तेव्हा तो पळाला नाही की चिडलाही नाही. "सोसायटीचं हाय, काका. टाकी भरली की फोन येतो. कुठं ओतायचं ते कुणीच सांगत नाही," एवढेच तो म्हणाला. सोसायटीचे नावही त्याने सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही. पण रविवारी हातमोजे घालून तलावाकाठी प्लास्टिक वेचणाऱ्यांच्या ग्रुप फोटोत त्या सोसायटीची मंडळी पहिल्या रांगेत असतात.

राग येतो तो इथे. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि तिच्या अटींत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पही येतो. तो बांधलेला असतो, ब्रोशरमध्ये छापलेला असतो आणि पुढे विजेचे बिल वाढते म्हणून सर्वसाधारण सभेत हात वर करून बंद ठेवला जातो. लॉबीच्या झुंबराचे बिल कोणालाही जड होत नाही. त्या टँकरवाल्याला शिव्या देणे सोपे आहे, पण त्याला फोन करणारा माणूस आपल्यासारखाच आहे, मराठी वर्तमानपत्र वाचतो आणि नदीच्या नावाने गहिवरतोही.

वरच्या गावांना ड्रेनेज नाही, हे मान्य. बावधन बुद्रुक 2021 साली महापालिकेत आले; भूगाव आणि भुकूम अजून ग्रामपंचायती आहेत, आणि एवढ्या टॉवरांचे सांडपाणी पेलणे ही ग्रामपंचायतीच्या कुवतीतली गोष्ट नव्हे. जलपर्णी काढूच नये, असेही मी म्हणत नाही. तिच्या झाकणाखाली पाण्यातला प्राणवायू संपतो, तेव्हा ती काढलीच पाहिजे. पण नदी हद्द पाहून वाहत नाही आणि आपली निवेदने मात्र महापालिकेच्या हद्दीवर येऊन थांबतात.

हे लिहिता लिहिता पारा थोडा उतरला आहे, कारण या तलावावर जीव लावणारी माणसे मी पाहिली आहेत. इंग्रजांच्या काळात गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला, ज्या तलावातून पाणी जाई, तो हाच. आजही पहाटे हळदी-कुंकू बदकांची जोडी दिसली की दुर्बीण अनोळखी माणसाच्या हातात देणारे लोक इथे भेटतात. फक्त शेकाट्यांचे थवे वाढले म्हणून तलाव सुधारला, असे फोटोखाली लिहू नका. तो लांब गुलाबी पायांचा देखणा पक्षी सांडपाण्यातही सुखाने चरतो.

त्या दिवशी काकांनी ड्रायव्हरला विचारले होते, "हे पाणी पुढं कुठं जातं, माहीत आहे का?" तो म्हणाला, "तळ्यात जातंय की. पोरीला घेऊन गेलो होतो एकदा, वास आला म्हणून लगेच माघारी आलो." मग त्याने आम्हालाच विचारले, "नदीत नको, तर मग कुठं ओतू?"

निवेदनात खरे तर हाच प्रश्न हवा. टँकर अधिकृतपणे रिकामा करण्याची जागा भूगाव-बावधनच्या आवाक्यात कुठे आहे, तिचा दर काय आणि तिथली पावती कोण तपासते, हे महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि ग्रामपंचायती या तिघांना एकाच पत्रात विचारा. आणि ते पत्र पाठवण्याआधी प्रत्येकाने आपापल्या सोसायटीच्या कमिटीकडून शुद्धीकरण प्रकल्पाचे वर्षभराचे वीजबिल आणि मैल्याच्या टँकरच्या पावत्या मागून घ्याव्यात. आमच्या कमिटीला मी आजच लेखी अर्ज दिला आहे. बोटिंगची ओळ काढून हा मजकूर घातला, तर माझे नाव सर्वांत वर लिहा.