नाटो तशीच आहे. मग ब्रिटनने गमावले काय?

गेल्या महिन्यात नेरूळच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात युरोपवर चर्चा चालली असताना एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ठामपणे सांगितले की, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले म्हणून त्याच्या सुरक्षेचे काहीही बिघडले नाही. नाटो ही लष्करी युती तशीच आहे, अण्वस्त्रे तशीच आहेत आणि अमेरिकेशी असलेली गुप्तवार्तांची देवाणघेवाणही तशीच आहे. त्यांचा प्रत्येक तपशील बरोबर होता, निष्कर्ष मात्र मला पटला नाही. माझी सगळी नोकरी न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या जहाजांच्या कागदपत्रांत गेली, त्यामुळे सुरक्षा म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पाणबुड्यांच्या आधी नियंत्रण कक्ष, याद्या आणि रात्रीबेरात्री येणारे इशारे उभे राहतात. देश एखाद्या संघातून बाहेर पडतो तेव्हा त्याचे सैन्य कमी होत नाही. या रोजच्या यंत्रणेतली त्याची जागा जाते, आणि ती गेल्याचे पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

नाटोचा मुद्दा आधी मान्य करून टाकतो. 1949 च्या स्थापनेपासून ब्रिटन तिचा सदस्य आहे आणि युरोपीय संघाच्या सदस्यत्वाशी त्याचा कायदेशीर संबंध नाही. अमेरिकेबरोबरचा गुप्तवार्ता करार 1946 चा, म्हणजे संघाच्या कितीतरी आधीचा आहे. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा यातले काहीही मतपत्रिकेवर नव्हते. पण युरोपीय संघ हा लष्करी करार नसला तरी गेल्या तीन दशकांत पोलीस, सागरी गस्त, उपग्रह आणि आर्थिक निर्बंध ही कामे हळूहळू त्याच्या छताखाली आली होती, आणि ब्रिटनने ती उभारण्यात पुढाकार घेतला होता. म्हणून तोटा तिथे शोधायला हवा.

आमच्या बंदराला जवळचे उदाहरण सागरी गस्तीचे आहे. 2008 साली एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी धुमाकूळ घातला होता. त्या सप्टेंबरमध्ये ‘स्टोल्ट व्हॅलर’ हे जहाज पळवले गेले आणि त्यावर 18 भारतीय खलाशी होते. वाशी-नेरूळ-बेलापूर भागात दर्यावर्दी कुटुंबे बरीच, शिवाय ‘चाणक्य’सारखी प्रशिक्षण संस्था इथलीच, त्यामुळे त्या काळातल्या बातम्या आमच्याकडे परराष्ट्रीय बातम्या म्हणून वाचल्या जात नव्हत्या. डिसेंबर 2008 मध्ये युरोपीय संघाने ‘ऑपरेशन अटालांटा’ ही नौदल मोहीम सुरू केली. तिचे मुख्यालय लंडनजवळच्या नॉर्थवूड येथे होते आणि नेतृत्व ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे होते. व्यापारी जहाजांची नोंदणी घेणारे आणि त्यांना इशारे देणारे केंद्रही तिथेच होते. मार्च 2019 मध्ये, म्हणजे ब्रिटन अजून औपचारिकपणे संघातच असताना, हे मुख्यालय स्पेनमधील रोटा येथे हलवले गेले आणि जहाजांसाठीचे केंद्र फ्रान्समधील ब्रेस्टला गेले. ब्रिटिश नौदलाची एकही युद्धनौका यामुळे कमी झाली नाही. मात्र हिंदी महासागराच्या एका मोठ्या पट्ट्यात कोणते जहाज कुठे आहे आणि कोणाला मदत हवी आहे, हे ज्या खोलीत आधी समजते, ती खोली परक्या देशात गेली.

याचा पुढचा अध्याय तांबड्या समुद्रात दिसला. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधील हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपकडे जाणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. ब्रिटन अमेरिकेच्या नेतृत्वाखालील मोहिमेत सामील झाले आणि 12 जानेवारी 2024 रोजी येमेनवरील हवाई हल्ल्यांतही उतरले. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘ॲस्पाइड्स’ ही स्वतंत्र मोहीम काढली, तिचा पवित्रा केवळ बचावाचा ठेवला आणि मुख्यालय ग्रीसमधील लारिसा येथे नेमले. ब्रिटन संघात असते तर दोन मोहिमा निघाल्याच नसत्या, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेबरोबर हल्ल्यात उतरायचे की नाही, यावर युरोपात मतभेद होणारच होते. पण संघाचे धोरण ठरत असताना आपली बाजू आतून मांडणारे ब्रिटन तिथे नव्हते, आणि माझ्या मते खरा फरक तोच आहे.

पोलिसी कामातला तोटा अधिक थेट आहे. युरोपातील फरारी गुन्हेगार, संशयित दहशतवादी, हरवलेल्या व्यक्ती आणि चोरीची वाहने यांची सामायिक यादी, जिला शेंगेन माहिती प्रणाली म्हणतात, ती ब्रिटिश पोलिसांनी 2019 या एका वर्षात 60 कोटींहून अधिक वेळा तपासली होती. बाहेर पडल्यानंतरही संघाचे जुने नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 च्या रात्री संपला आणि तो प्रवेश बंद झाला. आता काम मुख्यतः इंटरपोलच्या नोटिसांवर चालते. तिथे समोरच्या देशाने नोंद वेगळी पाठवावी लागते आणि त्यात वेळही जातो. संघातल्या एका देशाने काढले की दुसऱ्या देशात थेट लागू होणाऱ्या युरोपीय अटक वॉरंटचेही तेच झाले. 21 जुलै 2005 रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट घडवण्याचा कट फसल्यावर हुसेन उस्मान हा आरोपी रोमला पळाला होता, आणि या वॉरंटमुळे इटलीने त्याला सप्टेंबरमध्येच परत पाठवले. विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणासाठी आपण किती वर्षे तिष्ठत आहोत, हे पाहिले की दोन महिन्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ब्रेक्झिटनंतरच्या, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या, करारात आरोपी एकमेकांच्या हवाली करण्याची पर्यायी तरतूद आहे, डीएनए आणि बोटांच्या ठशांची देवाणघेवाणही टिकली आहे; पण जर्मनीसारखे देश आता आपल्या नागरिकांना ब्रिटनच्या हवाली करत नाहीत. युरोपोल या संघाच्या पोलीस संस्थेचे संचालकपद 2018 पर्यंत जवळजवळ दशकभर रॉब वेनराइट या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होते, आणि आज ब्रिटन त्याच संस्थेत बाहेरचा भागीदार आहे.

आमच्या सोसायटीत व्यवस्थापन समितीचा राजीनामा दिलेल्या सभासदाचे जे होते तेच इथे झाले आहे: घर तिथेच, देखभाल खर्चही तोच, फक्त निर्णय फलकावर लागल्यावर कळतो.

गॅलिलिओ उपग्रहांची कथा तर थोडी विनोदीही आहे. या दिशादर्शन प्रणालीत ब्रिटनने सुमारे 1.2 अब्ज पौंड घातले होते. तिचा लष्करासाठीचा सांकेतिक भाग संघाबाहेरील देशांना सहजासहजी मिळू नये, असा नियम 2011 मध्ये झाला, तेव्हा ब्रिटन सदस्यच होते. पुढे तोच नियम त्याच्या आड आला. स्वतःची प्रणाली उभारण्याची घोषणा झाली आणि 2020 मध्ये ती गुंडाळली गेली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने भारतातल्या भारती समूहाबरोबर दिवाळखोर वनवेब कंपनी विकत घेतली, दोघांचे 50-50 कोटी डॉलर. वनवेबचे उपग्रह इंटरनेटसाठीचे, दिशादर्शनासाठीचे नव्हेत. युक्रेन युद्धानंतर रशियाने प्रक्षेपण नाकारले तेव्हा इस्रोने श्रीहरिकोट्याहून त्यांतले 72 उपग्रह दोन खेपांत सोडले. अखेर 2023 मध्ये ही कंपनी युटेलसॅट या फ्रेंच कंपनीत विलीन झाली.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवरची मते हा विषय भारतीयांनी अधिक बारकाईने पाहायला हवा, कारण एका प्रसंगात लाभ आपला झाला. 20 नोव्हेंबर 2017 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निवडणुकीत ब्रिटनने आपला उमेदवार मागे घेतला आणि भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी निवडून आले. 1946 पासून प्रथमच त्या न्यायालयात ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही. याचे सारे श्रेय ब्रेक्झिटला देणे आपल्या राजनयावर अन्याय ठरेल. पण त्याच वर्षी जूनमध्ये हिंदी महासागरातील, ब्रिटनच्या ताब्यातील आणि मॉरिशसने दावा सांगितलेल्या चागोस बेटांचा प्रश्न न्यायालयाकडे पाठवण्याच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांत ब्रिटनच्या बाजूने 15 आणि विरोधात 94 मते पडली होती, आणि युरोपीय संघातले बहुतेक भागीदार तटस्थ राहिले होते. मे 2019 मध्ये याच बेटांवरच्या पुढच्या ठरावावर ब्रिटनची बाजू सहा मतांवर आली. याच बेटांपैकी दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ आहे, म्हणजे मुद्दा थेट हिंदी महासागराच्या लष्करी समतोलाचा आहे. सदस्य देशांनी एकमेकांची पाठराखण करण्याची जी सवय असते, ती कोणत्याही करारात लिहिलेली नसते. म्हणूनच ती गेल्यावर दादही मागता येत नाही.

दुसरी बाजूही दुबळी नाही. संघाचे परराष्ट्र धोरण एकमताने ठरते आणि एक छोटा देशही ते अडवू शकतो. सप्टेंबर 2020 मध्ये सायप्रसमुळे बेलारूसवरील निर्बंध रखडले असताना ब्रिटनने कॅनडाबरोबर तिथले अध्यक्ष लुकाशेन्को यांच्यावर निर्बंध लादून टाकले. जानेवारी 2022 मध्ये, रशियाचे आक्रमण सुरू होण्यापूर्वीच, ब्रिटनने युक्रेनला रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे पाठवली. मे 2022 मध्ये स्वीडन आणि फिनलंड यांना नाटोत येईपर्यंत संरक्षणाची हमी दिली, ती लंडनने. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांचा ‘ऑकस’ हा पाणबुडी करारही याच काळातला. मात्र शस्त्रे पाठवण्याचा अधिकार संघातल्या देशांनाही होताच, त्यामुळे यातले पहिल्या प्रसंगापुरतेच श्रेय मी बाहेर पडण्याला देईन.

उत्तर आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. 1998 च्या शांतता करारामुळे अदृश्य झालेली सीमा पुन्हा दिसू नये, यासाठी ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या 2023 च्या ‘विंडसर चौकट’ या समझोत्यापर्यंत तीन पंतप्रधानांची कारकीर्द खर्ची पडली, एवढेच नोंदवतो.

सर्वांत अनाकलनीय गोष्ट अशी की, संघाशी सुरक्षेवर स्वतंत्र करार करण्याची तयारी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी 2018 मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत दाखवली होती, पण 2020 च्या वाटाघाटींत त्यांच्यानंतरच्या बोरिस जॉन्सन सरकारने परराष्ट्र आणि संरक्षण हा विषय घेतलाच नाही. तो करार व्हायला 19 मे 2025 उजाडला. त्यानंतर युरोपच्या 150 अब्ज युरोंच्या शस्त्रखरेदी निधीत सहभागी होण्यासाठी ब्रिटनने बोलणी केली आणि प्रवेशशुल्कावरून ती नोव्हेंबर 2025 मध्ये फिसकटली. पुढच्याच महिन्यात त्या निधीत सहभागाची बोलणी यशस्वी झाली, ती अटलांटिकपलीकडच्या कॅनडाची.