पानात बुरशी निघाली म्हणून फवारणी?

संत्रावाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: निरोगी झाडाच्या आत बुरशी नसतेच, लॅबमध्ये पानाच्या तुकड्यातून ती उगवली तर बाग रोगट, डीएनए तपासला की नाव पक्कं, नाव कळलं की लगेच बुरशीनाशक मारा. मला तो वरूड, मोर्शी, काटोल अशा तिन्हीकडून आला.

पहिलं वाक्यच खोटं. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं तपासली, तेव्हा दिसण्यावरून वेगळे असे बुरशीचे ४१८ प्रकार निघाले. हा अभ्यास २००० साली छापून आला. पानावर ना डाग, ना पिवळेपणा. आपली कोळशी, म्हणजे पानावरची काळी काजळी, बोटाने पुसली जाते, कारण ती काळ्या माशीने सोडलेल्या चिकट्यावर, पानाच्या बाहेर वाढते. पानाच्या आतली ही बुरशी मात्र पेशींच्या मधल्या जागेत गपगुमान राहते. उष्ण प्रदेशात कोवळं पान बहुधा कोरंच निघतं, पुढे हवेतले, पावसातले बीजाणू आत शिरतात. म्हणून जून पानात ती जास्त सापडणारच.

‘उगवली म्हणजे रोगट.’ आधी हे विचारा, की ती आतून आली की पानावरच्या धुळीतून? पान ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात आणि निर्जंतुक पाण्याने धुतात. त्यानंतर धुतलेलं पान बुरशी वाढवायच्या बटाटा-डेक्स्ट्रोजच्या थाळीवर ठशासारखं दाबून उचलतात. ठशावरच बुरशी आली तर धुणं कच्चं, सगळा नमुना बाद. तुमच्या रिपोर्टसोबत या ठशाच्या थाळीचा उल्लेख आहे का? शिवाय ॲस्परजिलससारखी झपाट्याने वाढणारी थाळी बळकावते, हळू वाढणारी दबते, आणि काही तर थाळीवर कधीच येत नाहीत.

आता नावाचं. कित्येक बुरशा थाळीवर नुसता पांढरा कापूस वाढवतात, बीजाणू देत नाहीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं कशावरून? म्हणून डीएनए. त्यातला आयटीएस नावाचा तुकडा २०१२ मध्ये बुरशांचा सामाईक बारकोड म्हणून सुचवला गेला. पण कोलेटोट्रिकम या बुरशीच्या एकमेकींजवळच्या जाती त्यावर वेगळ्या पडत नाहीत, आणखी जनुकं वाचावी लागतात. ज्या डीएनए-साठ्यातल्या नोंदींशी ताडून नाव काढतात, तिथली काही नावंही चुकीची असतात.

आपल्या कामाचं उदाहरण फायलोस्टिक्टा या बुरशीचं. तिची सिट्रीकार्पा ही जात लिंबूवर्गीय फळांवर काळे ठिपके आणते. कॅपिटालेन्सिस ही तिची चुलत बहीण मात्र अनेक झाडांच्या पानांत निमूट नांदते, लिंबूवर्गीयांतही. दोघींची बरीच वर्षं गल्लत होत आली. ओट्सच्या माध्यमावर सिट्रीकार्पा पिवळा रंग सोडते, दुसरी सोडत नाही. रिपोर्टवर नुसतं ‘फायलोस्टिक्टा’ लिहिलं असेल तर तो अर्धाच रिपोर्ट.

‘लगेच मारा’ म्हणणाऱ्यांना २००३ चा कोकोच्या झाडावरचा प्रयोग सांगावा: आतली बुरशी असलेल्या पानांचं फायटोफ्थोरा या रोगजंतूने कमी नुकसान झालं. आपला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, त्याच गोतातला. पण संत्र्यातही तसंच होतं, असा दावा मी करत नाही.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे. लॅसिओडिप्लोडियासारखी बुरशी झाडात शांत असते आणि पाण्याचा ताण पडला की फांदी वाळवते. तेव्हा शेंडा खरंच वाळत असेल तर वाळक्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवरचा तुकडा द्या, सोबत त्याच झाडाची एक धडधाकट फांदीही. दोन्हींत एकच बुरशी निघाली तर दोष तिच्यावर टाकायची घाई करू नका. आधी उन्हाळ्यात पाणी किती दिलं ते आठवा.