मागच्या सीटवर कोण होतं? (‘एकट्याचं विमान’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

वय ७४ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. अमेरिकेत ऑशकोशच्या विमानमेळ्यात भेटलेल्या, घरी बांधलेल्या विमानातून हवाई ते कॅलिफोर्निया समुद्र एकट्यानं ओलांडणाऱ्या वैमानिकावरचा ‘एकट्याचं विमान’ हा माझा लेख तुम्हाला रुचला नाही. मी बेफिकिरीला शौर्य म्हटलं, असं तुमचं म्हणणं. घरी बांधलेलं विमान घेऊन समुद्रावर निघालेला माणूस अडकला की धावपळ दुसऱ्यांना, आणि मागे घरच्यांच्या जिवाला घोर. शेवटी एक ओळ होती: ‘ओझरच्या विमान कारखान्यात ३२ वर्षं पत्रे जोडले. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. तुमच्या एकट्या वीरानं दुसरा हात कुठून आणला?’

या एका ओळीमुळे उत्तराला आठवडा लागला.

तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा त्या वैमानिकांना कळवला. उत्तर त्यांच्या पत्नीचं आलं. ते बाहेरून गननं रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खीळ, ठोकायचे आणि बाई पंखाच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालून आतून लोखंडी ठोकळा धरायच्या. असे सहा हिवाळे गेले. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ठोकळ्यानं पत्र्यावर दोनदा टकटक केलं की रिव्हेट नीट बसला, तीनदा केलं की काढून पुन्हा मारायचा. कुठला रिव्हेट काढावा लागला, हे त्यांना आजही आठवतं.

जुलैतल्या त्या दुपारी त्या तिथेच होत्या, पंखाच्या सावलीत, घडीच्या खुर्चीवर. मी त्यांच्या नवऱ्याशी दीड तास बोलले, त्यांच्या हातचं सरबत प्यायले आणि त्यांना एक प्रश्न विचारला नाही. चूक माझी आहे. लेखातलं ‘एकट्यानं बांधलेलं’ आज काढून टाकलं.

उडवलं मात्र एकट्यानंच, आणि ते का, हे लेखात यायला हवं होतं. हवाईतलं हिलो सोडलं की कॅलिफोर्नियापर्यंत सुमारे ३,७०० किलोमीटर उतरायला जमीन नाही. त्यांचं विमान आर.व्ही.-८, घरी बांधायचं दोन सीटचं. त्याच्या पंखांमधल्या टाक्यांत १६० लिटर पेट्रोल मावतं. तासाला तीसेक लिटर धरलं तर पाच तासांची सोय. हवेत राहायचं असतं तेरा-चौदा तास, वर राखीव साठा हवाच. म्हणून मागची सीट काढून तिथे टाकी बसवली. ३३० लिटर जादा पेट्रोल म्हणजे जवळजवळ २४० किलो, तीन धडधाकट माणसांचं वजन. एरवी पत्नी जिथे बसते, ती जागा पेट्रोलनं घेतली.

आता धोक्याचं. तुमची शंका आकडेही खरी ठरवतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा खास अभ्यास केला. तिथल्या खासगी, छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमानं दहा टक्क्यांच्या आसपास, पण २०११ च्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. त्याच अभ्यासात हेही आहे की यातले बरेच अपघात विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत होतात, किंवा दुसऱ्यानं बांधलेलं विमान विकत घेणाऱ्याच्या पहिल्या काही उड्डाणांत. म्हणून तर नव्या विमानाला आधी सहसा २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीतच उडवून पारखावं लागतं. या गृहस्थांनी समुद्रावर जाण्याआधी सहाशे तास जमिनीवरूनच विमान उडवलं होतं. बेफिकीर माणूस सहाशे तास थांबत नाही, असं मला वाटतं.

दुसऱ्यांच्या धावपळीसाठी तुम्ही जॉन जोहॅन्सनचं उदाहरण दिलंत. ते मलाही टोचतं. डिसेंबर २००३ मध्ये हा ऑस्ट्रेलियन वैमानिक स्वतः बांधलेल्या आर.व्ही.-४ मधून न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलहून निघाला, दक्षिण ध्रुवावरून गेला, पण समोरच्या वाऱ्यामुळे अर्जेंटिना गाठणं अशक्य झालं आणि अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डोला उतरला. तिथल्या अमेरिकी आणि न्यूझीलंडच्या तळांनी त्याला पेट्रोल विकायला नकार दिला. मला तो नकार समजतो. न सांगता येणाऱ्यासाठी बर्फावर साठा ठेवायचा तर उद्या कोणीही येईल. अखेर पेट्रोल मिळालं ते पॉली वॅचर या ब्रिटिश वैमानिक बाईंचं. त्याही एकट्याच जगभर उडत होत्या. त्यांनी आपल्या फेरीसाठी साठा आधीच मॅकमर्डोला पोचवून ठेवला होता आणि हवामान पाहून तो टप्पा सोडून दिला होता. एकाच बर्फावरचे हे दोन एकटे वैमानिक. तुमचा राग पहिल्यावर आहे आणि तो रास्त आहे. माझे वैमानिक वॅचरबाईंच्या जातकुळीतले आहेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

हे मी कशावरून म्हणते? हिलोला ते नऊ दिवस वाऱ्याची वाट पाहत थांबले. एका घडी पडलेल्या कागदावर प्रत्येक तासाला किती पेट्रोल उरायला हवं हे लिहिलेलं होतं, आणि सातव्या तासापुढे लाल रेघ. तिथे आकडा कमी पडला तर मागे फिरायचं. हे गणित त्यांनी घरी, पत्नीसमोर बसून केलं होतं, आणि लाल रेघ तिनं मारली होती. डॉन टेलर यांचं विमान ऑशकोशच्याच संग्रहालयात आहे. १९७६ मध्ये घरी बांधलेल्या विमानानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले. त्याआधीच्या प्रयत्नात हवामान बिघडल्यावर तेही मागे फिरले होते. माझ्या दृष्टीनं ते माघारी येणं पृथ्वीप्रदक्षिणेइतकंच मोठं आहे.

घरच्यांच्या घोराबद्दल मी त्या बाईंनाच विचारलं. त्या चौदा तासांत त्या झोपल्या नाहीत, हे त्यांनी सरळ सांगितलं. ‘पण डाव्या पंखाबद्दल मला काळजी नव्हती,’ असंही लिहिलं. डाव्या पंखाबद्दलच का, हे मी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकेन.

दुसरा भाग त्यांच्यावर लिहितेय. त्यात रिव्हेटकामाची दोन पानं आहेत. छापण्याआधी ती तुम्ही वाचाल का? ठोकळ्याला ओझरच्या शॉपमध्ये काय म्हणायचे, तेही कळवा.