निर्दोषत्वाचा दाखला मला नको आहे

मी जन्मापासून एचआयव्हीसह जगते आहे. हे कळले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी भीती उमटते. संसर्ग आईकडून झाला असे सांगितले की ती ओसरते आणि ‘अरेरे, यात तुझा काय दोष!’ हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही हे वाक्य ऐकून मला आपलेसे केल्यासारखे वाटत नाही, कारण दोष माझा नसेल तर कोणाचा, हा प्रश्न त्यातच दडलेला असतो आणि त्याचा रोख सरळ माझ्या आईकडे असतो.

गरोदरपणात तिची एचआयव्ही चाचणी झालीच नव्हती. उपचार मिळाले नाहीत, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान या काळात बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे मिळाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. राहून गेली ती चाचणी, पण चर्चा होते ती आईच्या चारित्र्याची.

उपचार केंद्रात माझ्याच वयाचा एक मुलगा भेटतो. त्याला संसर्ग शरीरसंबंधातून झाला. आम्ही दोघेही रोज एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या घेतो, दोघांच्याही रक्ताची तीच तपासणी होते. मात्र माझ्या वाट्याला हळहळ येते आणि त्याच्या वाट्याला ‘केले तसे भरले’. त्याच्यावर दोष ठेवून मला मिळणारी ही सूट मला घ्यायची नाही.

एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे पुन्हा लिहिण्याचाही आता कंटाळा येतो. त्यापेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके घटले आणि तसेच टिकून राहिले, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. एक जोडीदार बाधित आणि दुसरा बाधित नसलेल्या शेकडो जोडप्यांच्या युरोपातील अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराखालील जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेला एकही संसर्ग त्यांत आढळला नाही. तरीही लग्नाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘झाला कसा?’ हाच असतो.

यापुढे या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. ज्यांना माझ्यासोबत आयुष्य काढायचे आहे, त्यांनी माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, अवश्य विचारावा. गेल्या तपासणीत विषाणू सापडला नव्हता.