एक स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की रात्री साडेदहाला गॅसचा वास येतोय म्हणून फोन केला तर आम्ही माणूस पाठवला नाही, "१९०६ ला लावा" म्हणून कटवलं, दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो एम-सील लावायचं सोडून लाईनच बदलून बिल वाढवून गेला, वर तासभर नुसता बसून होता, आणि रेग्युलेटर मागितला तर तोही दिला नाही. इथे बाकीचे लोकही वाचतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवर तुम्ही म्हणालात की शेगडीची सगळी बटणं बंद आहेत तरी वास येतोय. म्हणजे गळती बहुतेक शेगडीच्या अलीकडेच कुठेतरी, ट्यूबला, पाईपला नाहीतर सिलेंडरच्या तोंडाशी, म्हणून मी आधी रेग्युलेटर बंद करून काढायला आणि सिलेंडरला ती दोरीवाली प्लास्टिकची कॅप लावायला सांगितलं. मी यायची वाट बघत गॅस चालू ठेवण्यापेक्षा हे मिनिटभराचं काम आहे, आणि कॅप लावूनही वास येत राहिला असता तर दोष सिलेंडरच्या व्हॉल्वचा, त्याला मी हात लावू शकत नाही, तो कंपनीचा असतो. १९०६ हा त्याचसाठी आहे, तिन्ही सरकारी गॅस कंपन्यांना एकच नंबर, चोवीस तास चालू. यात कटवण्याचा काय संबंध.

"घाबरवलं" असंही लिहिलंय तुम्ही. ताई, मागून कोणीतरी एग्झॉस्ट लावू का विचारत होतं आणि कोणीतरी काडी ओढून बघू का म्हणत होतं, तेव्हा माझा आवाज चढला हे खरं, आणि परत तसं ऐकलं तर परत चढेल. वास येत असताना एकही बटण दाबायचं नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही, दोन्हीला ठिणगी पडते, फोनसुद्धा बाहेर जिन्यात जाऊन करायचा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली फरशीवर साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी नाही तर बाल्कनीचं दार उघडा म्हणालो. (पाईपगॅस असता तर उलटं, तो हलका, वर जातो.)

आता एम-सील. बाल्कनीतून किचनमध्ये येणारा तुमचा तांब्याचा पाईप ट्रॉली बसवताना कोणीतरी दाबून वाकवलाय, त्याच्या पुढचा जॉइंट ट्रॉलीच्या मागे, जिथे हात पण जात नाही, आणि तिथून शेगडीपर्यंत साधी हिरवी नळी, साल-बिल काही छापलेलं नाही, लाकडाच्या भोकात घासून पातळ झालेली. ह्याच्यावर एम-सील थापलं की वास चार दिवस दबतो आणि मग ट्रॉलीच्या आत, बंद जागेत, परत सुरू होतो. असलं काम मी करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. नवीन जॉइंट आता समोर दिसेल असा घेतलाय, ट्यूब आयएसआय मार्कची तारवाली नारंगी सुरक्षा ट्यूब आहे, पाच वर्षांनी बदलायची. पाईप, ट्यूब, मजुरी बिलात वेगळी लिहिलीये आणि काढलेला तुकडा दुकानात ठेवलाय, कधीही येऊन बघा.

मुलगा तासभर बसला होता तो काट्याकडे बघत होता हो. लाईनमध्ये हवा भरून दोन्ही टोकं बंद करायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली येतोय का बघत बसायचं, नाही आला तर मग गॅस सोडून प्रत्येक जॉइंटला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायचं. ह्या वेळेचा एक रुपया पण बिलात नाही.

राहिला रेग्युलेटर. तुमचा गळत नाहीये, आम्ही फेसाने बघितलंय, फक्त बटण जड फिरतंय. तो कनेक्शनसोबत डिपॉझिटवर मिळालेला कंपनीचा असतो, म्हणून आम्ही विकत नाही आणि खोलतही नाही, बाहेरचा कोणी दिला तरी लावून घेऊ नका. कनेक्शनचा कागद आणि जुना रेग्युलेटर घेऊन एजन्सीत जा, बदलून मिळतो. काउंटरवर टाळाटाळ करायला लागले तर तिथूनच मला फोन लावा, मी बोलतो त्यांच्याशी.