‘दोन थेंब जिभेखाली’: गांजातील अल्पपरिचित घटकांविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे देवगड-मालवण पट्ट्यातील वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा: गांजाच्या झाडात टीएचसी (नशा आणणारा मुख्य घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांखेरीज सीबीजी, सीबीएन, टीएचसीव्ही असे घटक आहेत आणि परदेशी कंपन्यांनी ते आजवर लपवून ठेवले. सीबीजी कर्करोग मारतो, सीबीएन गाढ झोप आणतो, टीएचसीव्ही मधुमेह घालवतो. यांत नशा नाही, दुष्परिणाम नाहीत, कायद्याची अडचण नाही. आपले दर्यावर्दी पूर्वज याच झाडाच्या धाग्याची जाळी विणत, म्हणून ते निरोगी राहिले. तेव्हा रोज दोन थेंब जिभेखाली ठेवावेत, हापूस खाऊन घेतल्यास गुण दुप्पट येतो, आणि गोळ्या बंद कराव्यात.

शेवटचे तीन शब्द नसते तर मी लिहायला बसलो नसतो. मी देवगडात औषधांचे दुकान चालवतो. मागील महिन्यात साठीतले एक तांडेल काका अशीच बाटली घेऊन आले आणि म्हणाले, “माका आता गोळयो नको, ह्या तेलाचे दोन थेंब पुरे.” तीन आठवडे त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली नव्हती. पायाच्या अंगठ्याला कालव लागून झालेली जखम भरत नव्हती आणि ती त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

आधी लपवाछपवीचे पाहू. सीबीएन हा घटक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वेगळा काढला गेला. १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी आणि सीबीजी हे दोन्ही घटक शोधून त्यांची रचना उघडपणे प्रसिद्ध केली. पुढे १९९२ मध्ये मेकूलम यांच्याच प्रयोगशाळेत मानवी शरीर स्वतः तयार करत असलेला टीएचसीसारख्याच कामाचा पदार्थ सापडला, तेव्हा त्याला आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदमाइड’ असे नाव देण्यात आले. साठ वर्षे ग्रंथालयांत उपलब्ध असलेले ज्ञान लपवलेले कसे म्हणायचे?

सीबीएन आणि झोप यांची जोडी कशी जमली, हे समजून घेण्यासारखे आहे. सीबीएन झाडात मुळात फारसे नसते. हवा आणि उजेड यांमुळे टीएचसीचे हळूहळू जे रूपांतर होते, ते सीबीएन. उघड्यावर राहिलेले खोबरेल खवट व्हावे, तसाच हा हवेचा परिणाम आहे. जुन्या मालाने सुस्ती येते, जुन्या मालात सीबीएन जास्त असते, म्हणून सीबीएनने झोप येते, असा हा तर्क आहे. १९७५ मध्ये पाच पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यात टीएचसीबरोबर सीबीएन दिल्यावर गुंगी वाढली, परंतु नुसत्या सीबीएनने तसा परिणाम दिसला नाही. अलीकडे काही चाचण्या सुरू झाल्या आहेत आणि त्या व्हायलाच हव्यात. मात्र, निद्रानाशावरील सिद्ध औषध म्हणून ते आज विकता येईल, इतका पुरावा अजून हाती नाही.

टीएचसीव्हीचा दावा मात्र हवेतला नाही, म्हणूनच तो अधिक काळजीपूर्वक वाचावा लागतो. २०१६ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात ५ मिलिग्रॅम टीएचसीव्ही दिवसातून दोनदा, असे १३ आठवडे दिल्यावर उपाशीपोटीची साखर कमी झाली. ही खरोखर आशादायक गोष्ट आहे. पण ज्या मुख्य प्रश्नासाठी, म्हणजे रक्तातील चांगले कोलेस्टेरॉल वाढते का यासाठी, चाचणी आखली होती, त्याचे उत्तर नकारार्थी आले आणि वजनही घटले नाही. या चाचणीतून गोळी सोडण्याचा सल्ला कोणत्याही वाटेने निघत नाही. शिवाय टीएचसीव्ही कमी मात्रेत मेंदूतील सीबी-१ या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी टीएचसी चिकटून काम करते त्या जागेला, अडवते. याच ग्राहीला अडवणारे, पण घडणीने वेगळे असलेले रिमोनाबंट नावाचे वजन घटवण्याचे औषध २००६ मध्ये युरोपात मान्य झाले आणि नैराश्य व आत्महत्येचे विचार वाढल्यामुळे २००८ मध्ये बाजारातून काढावे लागले. टीएचसीव्हीचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. मात्र या ग्राहीशी खेळताना जपून पावले टाकावीत, एवढे त्या अनुभवातून नक्की कळते.

सीबीजी कर्करोगाच्या पेशी मारते, हे काचेच्या बशीत आणि उंदरांत दिसले आहे. बशीतल्या पेशी ब्लीचिंग पावडरनेही मरतात. माणसाचा कर्करोग सीबीजीने बरा झाल्याचे दाखवणारी चाचणी नाही. माणसांवरचा त्याचा चांगला अभ्यास २०२४ मध्ये अमेरिकेत झाला: ३४ निरोगी प्रौढांना २० मिलिग्रॅम सीबीजी दिल्यावर त्यांनी चिंता कमी झाल्याचे सांगितले.

आता तो २० आकडा घेऊन काकांच्या बाटलीकडे यावे. तीस मिलिलिटरच्या त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘१५०० मि.ग्रॅ. विजया अर्क’ असे छापले होते; विजया हे याच झाडाचे आयुर्वेदातले नाव. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर बाटलीत सहाशे थेंब होतात, म्हणजे थेंबाला अडीच मिलिग्रॅम अर्क. अर्क म्हणजे सीबीजी नव्हे. मोकळ्या हाताने त्यात दोन टक्के सीबीजी धरले, तरी थेंबात ०.०५ मिलिग्रॅम येते. त्या अभ्यासातली मात्रा एकदा घ्यायची तर चारशे थेंब, म्हणजे दोन तृतीयांश बाटली रिकामी करावी लागेल, आणि त्याबरोबर अर्कातले टीएचसीही पोटात जाईल.

‘नशा नाही’ हे विधान सरसकट करता येत नाही. सीबीजीला नशा नाही, हे बरोबर. सीबीएनला सौम्य नशा आहे. २०१९ मध्ये इटलीतील संशोधकांनी झाडात अत्यल्प प्रमाणात सापडणारे टीएचसीपी शोधले. प्रयोगशाळेत ते सीबी-१ ला टीएचसीच्या तीसपटींहून अधिक घट्ट चिकटते. घटक अल्पपरिचित आहे म्हणून तो सौम्यही असतो, असे नाही.

पूर्वजांच्या जाळ्यांचा मुद्दा मला कोकणी माणूस म्हणून विशेष बोचला, कारण त्यात आपल्याच झाडांची ओळख पुसली गेली आहे. नायलॉन येण्याआधी आपल्याकडची जाळी सुताची आणि तागाची असत. हिरवळीचे खत म्हणून आपण शेतात गाडतो तो पिवळ्या फुलांचा ताग कडधान्यांच्या कुळातला आहे. अंबाडी भेंडीच्या कुळातली. इंग्रजांनी दोरासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक झाडांना ‘हेम्प’ हाच शब्द लावला आणि घोटाळा तिथून सुरू झाला. अंबाडीच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ आहे, कारण तिचे पंजासारखे पान गांजाच्या पानासारखे दिसते. बांधावर उभ्या असलेल्या अंबाडीचे पान हातात घेऊन चावून पाहावे: ते आंबट लागते. सीबीजी, सीबीएन त्यात नाही. हापूसचे म्हणाल तर, ज्या मिर्सीन नावाच्या सुगंधी द्रव्यावर तो दावा उभा आहे, ते हापूसच्या वासातले मुख्य द्रव्यच नाही. तिथे ओसिमीन या दुसऱ्याच सुगंधी द्रव्याचे राज्य आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. चरसही बंदीखाली येतो. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधे परवान्याने विकली जातात, पण त्यांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे, कारण नियमांनुसार विजया विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. काकांच्या बाटलीवर ती सूचना नव्हती आणि परवाना क्रमांकही नव्हता.

राहता राहिले दुष्परिणाम. या झाडातील सर्वांत नीट तपासलेला घटक सीबीडी आहे. अपस्माराच्या दोन दुर्मीळ, कठीण प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये त्याचे औषध मान्य झाले. त्याची नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम आहे आणि त्या मात्रेत यकृताची तपासणी करत राहावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा प्रभाव सीबीडीमुळे वाढू शकतो. हृदयाची झडप बदललेली माणसे आपल्या किनाऱ्यावरही वॉरफेरिन घेतात, आणि त्यांच्या बाबतीत रक्तस्राव ही किरकोळ गोष्ट नसते. ज्या सीबीजी आणि टीएचसीव्हीची तपासणी याच्या तुलनेत जेमतेम सुरू झाली आहे, त्यांना ‘दुष्परिणाम नाहीत’ असे प्रमाणपत्र कोण देणार?

काकांनी त्याच संध्याकाळी गोळी पुन्हा सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर डॉक्टरांकडे जाऊन जखम दाखवली. ज्यांनी असे थेंब आधीच सुरू केले आहेत, त्यांनी लाजून ते लपवू नये. डॉक्टरांकडे जाताना नेहमीच्या गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती बाटलीही न्यावी आणि किती दिवस, किती थेंब घेतले, ते सांगावे.