दिव्यांगांचं धोरण ‘तज्ज्ञच ठरवतील’ म्हणे!

आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: दिव्यांगांचं राष्ट्रीय धोरण डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी ठरवावं. देशभरातून माणसं गोळा करून विचारत बसलं की वेळ जातो, आणि शेवटी सगळे पेन्शनच मागतात. तसाही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, आणि दिव्यांग आहेत जेमतेम दोन टक्के. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत सगळ्यांनी त्यावर अंगठे दाखवलेत, म्हणून हा प्रतिवाद.

‘तज्ज्ञांना जास्त कळतं.’ आजारातलं कळतं, मान्य. पण शहरातल्या एका कार्यालयातलं दिव्यांगांचं स्वच्छतागृह बघा. दार आत उघडतं, त्यामुळे व्हीलचेअर आत गेली की ते लागतच नाही. आधाराच्या दांडीवर पोछे वाळत घातलेले. एरवी कुलूप, किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार जेवायला. नकाशा तज्ज्ञानेच पास केला असणार. व्हीलचेअर वापरणाऱ्या एकाला जरी तो दाखवला असता, तरी दार बाहेर उघडलं असतं.

‘विचारण्यात वेळ जातो.’ न विचारण्यात किती जातो तेही मोजा. जुलै 2020 मध्ये केंद्राने प्रस्ताव आणला: दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 89, 92 आणि 93 खालचे काही गुन्हे दंड भरून मिटवता यावेत. चारचौघांत जाणूनबुजून केलेला अपमानही त्यात होता. मत द्यायला मुदत जेमतेम दहा दिवस, तीही कोरोनाच्या काळात. देशभरच्या संघटना तुटून पडल्या आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. आधीच समोर बसवून विचारलं असतं तर हा द्राविडी प्राणायाम टळला असता. आणि विचारणं ही काही मेहेरबानी नाही. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम 4 सांगतं की कायदे आणि धोरणं करताना दिव्यांगांशी, त्यांच्या संघटनांमार्फत, सल्लामसलत करायची. मुलांशीसुद्धा.

बैठका रटाळ होतात, हे मात्र खरं. मसुदा इंग्रजीत, तोही स्कॅन करून टाकलेला, म्हणजे अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला कोरा कागद. सभागृहात सांकेतिक भाषेचा दुभाषी नाही. मग चर्चा होणार कशाची? पण हा बोलावणाऱ्यांचा नाकर्तेपणा झाला.

‘कायदा आहेच.’ 1995 च्या कायद्यात 7 प्रकारची अपंगत्वं होती, 2016 च्या कायद्यात ती 21 झाली. त्यामागे संघटनांची वर्षानुवर्षांची ओढाताण आहे. आपल्या शेजारच्या झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी घरांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार त्या यादीत आला. पण याच कायद्याच्या कलम 34 मधलं नोकऱ्यांचं 4 टक्के आरक्षण वाचा: सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात नाहीत. यादीत नाव आहे, आरक्षणात जागा नाही. ही गोम भोपाळ-दिल्लीतल्या टेबलाशी कोण मांडणार? ज्याच्या घरात मुलाला वरचेवर वेदनेचे झटके येतात, तोच ना?

‘दोन टक्के.’ 2011 च्या जनगणनेत 2.68 कोटी, म्हणजे 2.21 टक्के. ही मोजणी नव्या कायद्याच्या आधीची, तेव्हा 21 प्रकार विचारलेच नव्हते. आणि 2.68 कोटी म्हणजे अख्ख्या इंदूरसारखी कितीतरी शहरं!

राहिली पेन्शन. मागतात, आणि मागावीच. पण दृष्टिबाधित असलेले राजीव रतुरी सुप्रीम कोर्टात गेले ते रस्ते, वाहनं आणि इमारती वापरता याव्यात म्हणून. 8 नोव्हेंबर 2024 ला कोर्टाने दिव्यांग नियमावलीतला नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला, कारण सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याची, मानकं त्यात नुसत्या शिफारशींसारखी होती. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. आणि तेही संबंधितांशी सल्लामसलत करून! मेसेज लिहिणाऱ्याने एवढा निकाल तरी वाचावा, मग पुढे ढकलावा.